अक्का, तो साहेब मीच होतो

महानंदा अक्का, माझ्याजवळ शिकलेपणाचं जे काही आहे ते सगळं तुझ्या हातचं आहे. पदवी, नोकरी, नांदेडातलं घर, आणि आत्ता ही वाक्यं मी ज्या भाषेत लिहितोय ती भाषासुद्धा. म्हणून सुरुवातीलाच तुझं नाव. आणि म्हणूनच हे लिहिणं जड जातंय, कारण मला तुझ्याशी जे बोलायचंय ते या भाषेबद्दलच आहे.

परवा तुला औशात मातीत बसवून आलो. आपल्यात माणसाला पुरताना निजवत नाहीत, बसवतात. कपाळाला विभूती लावून तुला बसवलं, तेव्हा तू दुकानात बसायचीस तशीच दिसलीस. पाठ ताठ, मान थोडी पुढे. लोक म्हणाले, "सुटली बिचारी." मी मान हलवली. दुखण्यातून तू सुटलीस हे खरं. पण त्या दुखण्यात माझाही वाटा होता, हे त्या गर्दीत मी कुणाला सांगणार होतो?

आपलं किराणा दुकान किल्ल्याच्या रस्त्यावर. सासरहून परत आलेली तू आणि आई नसलेला मी, तुझा धाकटा भाऊ. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तू मला तांदळाच्या पोत्यावर बसवून रेडिओच्या बातम्या ऐकायला लावायचीस. बातम्या संपल्या की म्हणायचीस, "आता तू बोल तसंच." लातूरच्या शाळेत पहिल्याच दिवशी मी "मी औश्याहून आलाव" म्हणालो आणि अख्खा वर्ग हसला, हे मी तुला रडत सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून दुकानात नियम झाला. "न्हाई" म्हटलं की काही मिळायचं नाही, "नाही" म्हटलं की गुळाचा खडा. गुळाच्या लोभाने मी शुद्ध झालो, असं मी पुढे मित्रांना हसत सांगायचो.

तू मात्र होतीस तशीच बोलत राहिलीस. मला ते खटकायला लागलं. एकदा गिऱ्हाइकासमोरच मी तुला टोकलं, "अक्का, 'पायजे' नाही, 'पाहिजे'."

"ऐका, आमचे मास्तर आले," तू त्या बाईला म्हणालीस. मग माझ्याकडे वळलीस. "मास्तर, तुमाला 'पाहिजे', आमाला 'पायजे'. साखर तेवढीच येती."

"मग मला का बोलू देत नाहीस तुझ्यासारखं?"

"माज्यासारखं बोललास तर माज्यासारखा तराजू धरून बसशील."

हा वाद आपण कधी पुरा केला नाही. तुझं बोलणं अशुद्ध असेल तर तू का बदलत नाहीस, आणि नसेल तर मला का बदलतेस, असं मी विचारायचो. तू हसून पुडा बांधायला लागायचीस. आता वाटतं, तुझ्याकडे उत्तर होतं. ते द्यायला तुला लाज वाटत असावी. कारण शुद्ध बोलणारा एकच माणूस आपल्या दुकानात यायचा आणि त्याला तू भ्यायचीस.

वजनमापेवाले साहेब. इस्त्रीची पँट, चष्मा. एकेक वजन पालथं करून खालचा शिक्का बघायचे. "हे वजन शेवटचं केव्हा तपासून घेतलं होतं?" आवाज चढा नव्हता, शब्द स्वच्छ होते. एकदा शिक्का जुना झाला म्हणून त्यांनी अर्ध्या किलोचं वजन जप्त केलं. त्यांचं चुकलं नव्हतं, शिक्का खरंच जुना होता. पण त्यानंतर रस्त्याने पँटवाला कुणी अनोळखी येताना दिसला की तुझा हात आधी वजनं झाकायला जायचा. मी विचारलं तर म्हणायचीस, "लबाडी न्हाई रं आपली. पर साहेबाचं काय सांगावं." आणि ते गेले की घाम पुसत मला म्हणायचीस, "बगितलास कसा बोलला? तसं बोलाय शीक."

मी शिकलो, अक्का.

उतारवयात तुझं विसरणं सुरू झालं, ते आधी आपल्या चुलत बहिणीला, शांताला कळलं. ती दुकानाला लागूनच राहते. तिचा फोन आला, "बसू, अक्कानं एकाच बाईला दोनदा साखर दिली आन् पैसे एकदा बी घेतले न्हाईत." मी येऊन तुला नांदेडला आणलं. डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या आणि डिमेन्शिया म्हणाल्या. विसरणं वाढत जाईल, पण त्याहून जास्त त्रास वागण्याचा होईल, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. संशय येईल, चिडचिड होईल, वस्तू लपवणं होईल, संध्याकाळी जास्त. "वाद घालू नका. चूक दाखवू नका. आणि असं काही झालं की त्याच्या आधी काय घडलं ते बघा. उगाच कुणी चिडत नाही."

मी हे सगळं नीट ऐकलं. आणि घरी येऊन रोज सकाळी तुझी परीक्षा घ्यायला लागलो.

"अक्का, आज वार कोणता?"

"ऐतवार."

"नाही, आज बुधवार. हे गाव कोणतं?"

"औसा."

"औसा नाही, नांदेड. पुन्हा सांग. मी कोण आहे?"

तू माझ्याकडे बघायचीस आणि पदर ओठांवर धरायचीस. मला वाटायचं तू आठवतेयस. मला वाटायचं मी तुझ्या मेंदूला व्यायाम देतोय. तू माझ्याकडून पाढे म्हणवून घेतलेस तसेच मी तुझ्याकडून घेतोय. एवढी परतफेड तर आपण करावी, असं मला मनापासून वाटत होतं. माझी चूक चांगल्या मनातून झाली, हेच आता जास्त टोचतं.

दिवसभर तू सुनंदाबरोबर बरी असायचीस. सुनंदा माझी बायको, माहेर लोह्याचं. कितीदा टोकलं तरी तिचं बोलणं लोह्याचंच राहिलं. ती तुला न्हाऊ घालायची, तुझ्याकडून शेंगा सोलून घ्यायची, तुम्ही दोघी कुणाकुणाला नावं ठेवायचात. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो की सगळं बिनसायचं. तू लगबगीने उठायचीस. खलबत्त्यातला बत्ता, टीव्हीचा रिमोट, पळी, फोनचा चार्जर, हाताला लागेल ते उचलून गादीखाली कोंबायचीस. मी विचारायचो, "अक्का, काय लपवतेयस? दाखव मला." तू आणखी घाबरायचीस. एकदा मी बत्ता तुझ्या हातातून ओढून घेतला, तेव्हा तू माझ्या मनगटावर चावलीस. आणि लगेच हात जोडलेस. "साहेब, शिक्का हाय त्येच्यावर. बगा की पालथं करून."

तू हे मला तोंडावर सांगितलंस, अक्का. 'साहेब' म्हणालीस, 'शिक्का' म्हणालीस. आपल्या दुकानात वाढलेला मी, आणि मला ती निव्वळ बडबड वाटली. ऑफिसात दिवसभर 'साहेब' ऐकायची सवय झालेली. घरात तोच शब्द आला तर कान कसे टवकारतील?

सुनंदाने सांगून पाहिलं. "रागावू नका, पर तुमी आलाव की त्यांचं सुरू होतंय. दिवसभर काईच नसतंय."

"म्हणजे माझ्यामुळे होतं?"

"तसं कुटं म्हणलं मी? फकस्त बगून ऱ्हायले ते सांगितलं."

मी त्या दिवशी जेवलो नाही. ज्या बहिणीसाठी एवढं करतोय तिला माझाच त्रास होतो, हे ऐकायची माझी तयारी नव्हती. डॉक्टरबाईंनीही पुढच्या भेटीत विचारलं होतं, "हे सुरू होण्याच्या आधी काय होतं?" मी म्हणालो, "काहीच नाही. मी ऑफिसातून येतो, एवढंच." माझं उत्तर मी स्वतः ऐकलं नाही.

आणि मग मी गोळी मागितली. त्या म्हणाल्या, आधी बाकीचे उपाय करू, ही गोळी शेवटी. मी हट्ट धरला. मनगटावरचा व्रण दाखवला. त्यांनी अगदी कमी मात्रेची, थोड्या दिवसांपुरती म्हणून लिहून दिली. मी सुनंदाला सांगून ठेवलं की मी घरी यायच्या आधी अक्काला गोळी द्यायची. मग मी यायचो तेव्हा तू भिंतीला टेकून बसलेली असायचीस, तोंड अर्धवट उघडं, हनुवटीवर लाळ. संडासाला उठलीस तर पाय लटपटायचे. कुणी विचारलं तर मी सांगायचो, "आता खूप शांत आहे." मला माझ्या घरात सुखाने शिरता यावं म्हणून मी तुला झोपवत होतो. याला दुसरा शब्द मला सापडलेला नाही.

एका संध्याकाळी गोळी संपलेली होती आणि आणायची राहिली होती. मी आलो, तू उठलीस, गादीशी गेलीस. तेवढ्यात माझा फोन वाजला. औशाचा मल्लू, माझा लहानपणचा दोस्त. दुकानाचं शटर वाकलंय म्हणून सांगत होता. मल्लूशी मी अजून औशाच्या बोलीतच बोलतो. त्याच्याशी दुसरं बोललो तर तो फोनवरच शिव्या देतो.

"हाव, येताव की. ऐतवारी येताव. आरं, तू बग तवर, कुलूप लाव दुसरं. न्हाई, अक्काला न्हाई आनायचं, तिला लई तरास व्हतंय गाडीत. तू काय करायलास? जेवलास का?"

फोन ठेवला तर तू माझ्या शेजारी बसलेली. कधी आलीस कळलंच नाही. हातात बत्ता होता, पण सैल. तू माझ्या गुडघ्यावर हात ठेवलास.

"औश्याचा हायस व्हय रं?"

किती दिवसांनी तू माझ्याशी बोलत होतीस! मी म्हणालो, "हाव, अक्का. औश्याचाच हाय."

"मग आदी सांगाय न्हाई का? त्या साहेबानं जीव खाल्ला माजा. रोज येतंय मेलं. आज वार कोन्ता म्हणतंय. त्येला ठावं नसतंय व्हय वार?"

दारात उभी असलेली सुनंदा तोंडाला पदर लावून हसत होती आणि रडतही होती. मला मात्र हसूही आलं नाही आणि रडूही. ज्या तुझ्या भीतीवर मी औषध शोधत फिरत होतो, ती रोज सहा वाजता माझी चप्पल घालून घरात शिरत होती.

त्यानंतरचे महिने बरे गेले, त्यांचं श्रेय तुझं. मी फक्त गप्प बसायला शिकलो. डॉक्टरबाईंच्या सांगण्याने गोळी हळूहळू बंद केली. वार विचारणं बंद केलं. मी बाहेर पँट बदलायचो, चष्मा खिशात टाकायचो आणि दारातूनच ओरडायचो, "अक्का, गूळ हाय का?"

"हाय की. केवढा पायजे?"

"पावशेर द्या."

"बस मग. बांधून देते."

आणि आपण बसायचो. तू वर्तमानपत्राच्या तुकड्यात काहीच न घालता नीट पुडा बांधून माझ्या हातात द्यायचीस. लपवणं थांबलं, चावणं थांबलं. पण दुखणं पुढे सरकत होतंच. तू मला रोज नव्याने विचारायचीस, "कुनाचा रं तू?" मी आपल्या बाबांचं नाव सांगायचो, "शिवलिंगप्पाचा."

"लबाड हायस. शिवलिंगप्पाला एकच पोरगं हाय. बसू. त्ये शिकाय गेलंय." मग माझ्याकडे झुकून म्हणायचीस, "लई शुद्ध बोलतंय. रेडिओवानी. येईल आता सुट्टीला."

मी तुझ्यासमोर बसून स्वतःची वाट बघायचो.

इथेच मला थांबता आलं असतं. तू भीत नव्हतीस, त्याहून आणखी काय हवं होतं? पण मला गिऱ्हाईक होऊन राहणं पुरेना. एकदा, फक्त एकदा तू मला 'बसू' म्हणावंस, हा लोभ सुटेना. मला वाटलं, बसू शुद्ध बोलतो हे तुला आठवतंय ना, मग तसंच बोलून बघू. एका सकाळी तू प्रसन्न होतीस. मी समोर बसलो, तुझे हात हातात घेतले आणि म्हणालो, "अक्का, मी बसवराज. माझं शिक्षण पूर्ण झालं आहे. मी परत आलो आहे."

तू हात सोडवून घेतलेस. तुझी नजर वजनं शोधत खोलीभर फिरली. तू पुटपुटलीस, "शिक्का नवा हाय, साहेब." त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तू पाणी प्यायली नाहीस. सुनंदा मला पहिल्यांदाच तोडून बोलली, "तुमाला त्या बऱ्या पायजेत का तुमाला वळखायला पायजेत? एक काई तरी ठरवा."

मी ठरवलं. निदान तसं समजून चाललो. तू सारखी घरी जायचं म्हणायचीस आणि शांता म्हणायची, "आन इकडं, माज्या डोळ्यासमोर ऱ्हाईल." डॉक्टरबाईही म्हणाल्या, ओळखीची जागा असेल तर बरंच. मी तुला औशाला सोडलं. तुझ्या बऱ्यासाठी सोडलं हे खरं आहे. बस नांदेडला परत निघाली तेव्हा मला हलकं वाटलं, हेही खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मला तुझ्या दुखण्याने शिकवलं.

रविवारी मी यायचो, गूळ मागायचो, रिकामा पुडा घेऊन परतायचो. मग निवडणुकीचं काम लागलं आणि रजा बंद झाल्या. शांता सांगायची, अक्का खाणं कमी करायलीय, दाराकडं बघत बसती. तेव्हा मी तुला पत्र लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या बोलीत लिहिलं. हात सारखा अडखळत होता. प्रत्येक ओळीत मला माझीच चूक दिसायची आणि मी ती सुधारायला जायचो, मग सुधारलेलं खोडायचो. फोटो काढून शांताच्या फोनवर पाठवलं.

तिने तुला दुकानाच्या पायरीवर बसवून वाचून दाखवलं. तू शेवटपर्यंत ऐकलंस म्हणे. मध्ये एकदा हसलीससुद्धा. मग विचारलंस, "कुनाचं हाय ह्ये?"

"बसूचं, अक्का. आपल्या बसूचं."

तू मान हलवलीस. "न्हाई. ह्ये दुसऱ्याच कुनाचं तरी हाय. आमचा बसू असलं लिवत न्हाई. शुद्ध लिवतो त्यो." मग जरा थांबून म्हणालीस, "पर पोरगं गुनाचं दिसतंय. येऊ दे त्येला."

मी पोहोचायच्या आधीच तू गेलीस. शांताने हे मला मातीहून परत येताना सांगितलं. तेव्हापासून मी ते उलटंसुलटं करून बघतोय. तू मला शिकवलंस म्हणून मला ओळखलं नाहीस. मी शिकलेलं बाजूला ठेवलं, तरीही ओळखलं नाहीस. पण 'येऊ दे' म्हणालीस. ते कुणाला म्हणालीस, हे मी विचारत बसणार नाही. विचारून विचारून मी तुझा पुष्कळ जीव खाल्ला आहे.

पत्र होतं तसं खाली देतो. एकही अक्षर सुधारलेलं नाही.

*

अक्का,

मी बसू. ह्ये शांता वाचून दाविल. सावकास ऐक. घाई न्हाई.

मला हापिसातून सोडंनात म्हनून आलाव न्हाई. रागावू नगंस. हितं समदे बरे हायत. सुनंदाचा गुडगा दुखायलाय, पर तोंड चांगलं चालायलंय. ती म्हनती अक्काबिगर शेंगा सोलाय करमंना. कुनाला नावं ठेवावीत तर संगं कुनी न्हाई.

तुला लई भ्या वाटायचं हितं. त्ये माज्यामुळं व्हतं. मला कळलंच न्हाई. तू शिकिवलेलं बोलनं मला समद्या जागी कामाला आलं, बँकंत आलं, कचेरीत आलं. तुज्यापशी तेवडं आलं न्हाई. तुज्यापशी आपलं जुनंच पायजे व्हतं आन् त्येच मी इसरून बसलाव. तू इसरलीस तर त्येला दवाखाना हाय. माज्या इसरन्याला काय हाय?

आता तितं कुनी साहेब येनार न्हाई. वजनं झाकू नगंस. शिक्के नवे हायत, म्या सोता बगितलेत.

खात जा. शांताला तरास देऊ नगंस. दिलास तर दे, तिनं लहानपनी तुला लई दिलाय.

काम सरलं की मी येताव. दारातूनच हाक मारताव, एकदम आत येत न्हाई. वळखलीस तर बसू म्हन. न्हाई वळखलीस तर नुस्तं बस म्हन. मी बसताव.